शेजारचा हेल्पर की बाहेरचे जॉबवर्क? एआय कोडिंगचे साधन निवडताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये काम दोन रीतींनी पार पडते. पहिल्या रीतीत लेथवरच्या टर्नरशेजारी हेल्पर उभा असतो. तो मागण्याआधी टूल पुढे करतो, पुढचा कट कोणता असेल याचा अंदाज बांधून इन्सर्ट काढून ठेवतो, पण हँडल टर्नरच्याच हातात राहते. दुसऱ्या रीतीत अख्खा जॉब ड्रॉइंगसह बाहेर जॉबवर्कला जातो, त्याचे चलन फाटते, आणि चार दिवसांनी माल परत आला की गेज, म्हणजे माप तपासण्याचे साधन, लावून तो ठेवून घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवले जाते. प्रोग्राम लिहिण्यासाठी आज जी एआय साधने मिळतात, त्यांचेही ढोबळमानाने असेच दोन प्रकार आहेत. एक प्रकार एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याच्या खिडकीत, आपल्या शेजारी बसून ओळी सुचवणाऱ्या साहाय्यकाचा, आणि दुसरा, काम सांगितले की स्वतःच फाइली उघडून, बदलून, चालवून पाहून तयार काम परत आणणाऱ्या स्वायत्त एजंटचा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात डिप्लोमा, बीसीए किंवा इंजिनिअरिंग करणारे, तसेच घरच्या दुकानाचा वा गावच्या सोसायटीचा हिशोब संगणकावर आणू पाहणारे अनेक जण मला एकच प्रश्न विचारतात, की यांतले कोणते साधन घ्यावे. मी दूध संस्था, पतसंस्था आणि लहान कारखाने यांच्यासाठी प्रोग्राम लिहितो आणि दोन्ही प्रकार रोज वापरतो. दोहोंपैकी कोणते अधिक हुशार, हा प्रश्न माझ्या मते फारसा कामाचा नाही, कारण पुष्कळदा दोन्हींच्या आत एकच मॉडेल, म्हणजे उत्तरे तयार करणारी एआय प्रणाली, चालत असते. खरा फरक आपण काम केव्हा पाहतो यात आहे. साहाय्यकाचे काम ओळीओळीला नजरेखालून जाते, एजंटचे काम सगळे झाल्यावर समोर येते. म्हणून जे काम परत आल्यावर तपासण्याचे माप आपल्यापाशी आधीच तयार आहे तेवढेच बाहेर द्यावे, आणि बाकीचे शेजारी बसवून करून घ्यावे.

आधी ओळख करून घ्या

एडिटरमधला साहाय्यक सर्वसामान्य प्रोग्रामरपर्यंत पोहोचला तो गिटहब कोपायलटमुळे. जून २०२१ मध्ये तो निवडक लोकांना चाचणीसाठी मिळाला आणि जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तुम्ही टाइप करत असता, पुढची ओळ फिकट राखाडी अक्षरांत उमटते, टॅबची कळ दाबली की ती पक्की होते आणि न दाबता पुढे गेलात की विरून जाते. यथावकाश त्याला बाजूच्या चौकटीत प्रश्न विचारण्याची सोय जोडली गेली. व्हीएस कोड या एडिटरवरच बेतलेला कर्सर हा एडिटर याच वाटेने आला.

स्वायत्त एजंटची चर्चा मार्च २०२४ मध्ये कॉग्निशन या कंपनीच्या डेव्हिनपासून जोरात सुरू झाली. २०२५ साली तर रांगच लागली. फेब्रुवारीत अँथ्रोपिकचे क्लॉड कोड टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करून देण्याच्या खिडकीत, चालणारे साधन म्हणून आले, मे महिन्यात ओपनएआयचा दूरच्या संगणकावर चालणारा कोडेक्स आणि गूगलचा ज्यूल्स आले, आणि त्याच महिन्यात खुद्द गिटहबनेही कोपायलटला स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एजंटची जोड दिली.

नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो, कारण एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकले जातात आणि एडिटरमध्येही आता एजंट मोड असतो. त्यामुळे नावावर न जाता तीन गोष्टी पाहाव्यात. कोणती फाइल उघडायची हे कोण ठरवते? आज्ञा कोण चालवते? आणि केलेले काम तुमच्या नजरेस केव्हा पडते? तिन्हींचे उत्तर ‘मी, आणि लगेच’ असे येत असेल तर तो साहाय्यक. ‘साधन, आणि शेवटी’ असे येत असेल तर तो एजंट, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

पायरी पहिली: कामाची जागा आवरून घेणे

दोन्हींपैकी काहीही सुरू करण्याआधी गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन, शिकून घ्यावे. त्यातल्या सगळ्या करामती यायला हव्यात असे नाही. आजची स्थिती नोंदवून ठेवणे, दोन नोंदींतला फरक पाहणे, वेगळी शाखा काढणे आणि बिघडले तर मागे जाणे, एवढ्या चार गोष्टी पुरतात. एजंट एका दमात पंधरा-वीस फाइलींना हात लावू शकतो, आणि मागे जाण्याची वाट नसेल तर त्याचे काम नाकारण्याचा अधिकारच तुमच्याकडे उरत नाही.

खरी माहिती कामाच्या फोल्डरमध्ये ठेवू नये. सभासदांची नावे, आधार क्रमांक, खाते क्रमांक यांची फाइल शेजारी पडलेली असेल तर एजंट ती वाचतो, आणि वाचलेला मजकूर मॉडेल चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडे जातो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालेला आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्या सोसायटीने विश्वासाने पेन ड्राइव्ह हातात दिला, तिच्या चेअरमनला हे सांगण्याची पाळी आपल्यावर येऊ नये. वीस-पंचवीस बनावट सभासदांची फाइल स्वतः तयार करावी आणि डेटाबेसचा खरा पासवर्ड त्या संगणकावर ठेवूच नये.

पायरी दुसरी: पहिले पंधरा दिवस फक्त साहाय्यक

जो अजून लूप आणि फंक्शन शिकतो आहे त्याने पहिले काही दिवस आपोआप येणाऱ्या सूचना बंद ठेवून केवळ प्रश्नोत्तरांची चौकट वापरावी, असा माझा आग्रह असतो. राखाडी ओळ समोर आली की वाचण्याआधीच बोट टॅबकडे जाते, आणि दोन आठवड्यांनी असे लक्षात येते की प्रोग्राम चालतो आहे पण का चालतो हे सांगता येत नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे आपल्या गावच्याच व्हीटीयूच्या, लॅब परीक्षेत समोर बसलेले परीक्षक ‘का’ हेच विचारतात.

सूचना चालू केल्यावर काय सांभाळायचे, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा प्रोग्राम मी लिहीत होतो. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) नोंदवायचे, दरपत्रकावरून दर काढायचा, दहा दिवसांचे बिल करून पशुखाद्याची कपात वजा करायची आणि शेवटी रक्कम पूर्ण रुपयांत आणायची, असा तो साधा हिशोब. शेवटच्या ओळीवर आलो तेव्हा साहाय्यकाने पायथन या भाषेतले ‘राउंड’ हे संख्या गोल करणारे फंक्शन सुचवले आणि मीही बिनदिक्कत टॅब दाबला, कारण यात चूक होण्यासारखे काही असेल असे वाटलेच नाही. पहिली बिले वाटली गेली आणि सेक्रेटरींचा फोन आला. “काय ओ सर, अर्धा रुपया एकाला वर जातोय, दुसऱ्याला खाली जातोय, हे कसलं गणित?”

गणित पायथनच्या दृष्टीने बरोबर होते. पायथन ३ मधले ‘राउंड’ बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते, त्यामुळे ४१२.५० चे ४१२ होतात आणि ४१३.५० चे ४१४. मोठ्या आकडेवारीत चुका एकाच बाजूला साचू नयेत म्हणून ही रीत योजलेली आहे. पण डेअरीच्या खिडकीपाशी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचे पन्नास पैसे जातात आणि दुसऱ्याला पन्नास पैसे जास्त मिळतात, तेव्हा ती रीत कुणालाही समजावून सांगता येत नाही. साहाय्यकाने चूक केली असे मी म्हणणार नाही, कारण त्याला संस्थेची रीत ठाऊक नव्हती. मला ती ठाऊक असूनही मी ती ओळ वाचली नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे की पैसे, तारीख आणि टक्केवारी यांना स्पर्श करणारी सुचवलेली ओळ कितीही साधी दिसली तरी दोन-चार अडनिड्या संख्या घालून लगेच चालवून पाहायची.

पायरी तिसरी: पहिले काम बाहेर देणे

एजंटला देण्याचे पहिले काम लहान, मोजता येण्याजोगे आणि सहज मागे घेता येईल असे असावे. एखाद्या अहवालाचा छापील नमुना बदलणे, जुन्या फाइलींतली नावे एका पद्धतीत आणणे, असलेल्या फंक्शनांसाठी चाचण्या (ठरलेल्या आकड्यांवर अपेक्षित उत्तर येते का हे आपोआप पडताळणारे छोटे प्रोग्राम) लिहिणे, अशी कामे सुरुवातीला बरी. ‘पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर तयार कर’ असे सांगितल्यावरही एजंट काहीतरी नक्कीच तयार करतो, आणि अडचण तिथेच सुरू होते, कारण त्या हजारो ओळींपैकी कोणती बरोबर आणि कोणती अंदाजाने घातलेली, हे ओळखण्याचे तुमच्यापाशी काहीच साधन नसते.

काम सांगताना जॉबवर्कचे ड्रॉइंग डोळ्यांसमोर ठेवावे. नुसते ‘शाफ्ट करून द्या’ असे सांगून कुणी माल पाठवत नाही. लांबी, व्यास, टॉलरन्स, मटेरियल आणि कुठे हात लावायचा नाही हेही लिहून देतो. त्याप्रमाणे एजंटला काय बदलायचे, कोणत्या फाइलींत बदलायचे, कोणत्या फाइलींना हात लावायचा नाही, काम पुरे झाले हे कोणत्या चाचणीवरून ठरेल, आणि शंका आल्यास अंदाज न करता थांबून विचारावे, इतके लिहावे. दर वेळी सांगाव्या लागणाऱ्या गोष्टी प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये एका मजकूर-फाइलीत ठेवता येतात. बरेच एजंट त्यासाठी ‘एजंट्स डॉट एमडी’ या नावाची फाइल शोधतात, तर क्लॉड कोड ‘क्लॉड डॉट एमडी’ वाचतो. ही फाइल पानभर पुरे. लांबवली की तिच्यातल्या महत्त्वाच्या ओळी इतर ओळींत बुडून जातात.

टर्मिनलमध्ये चालणारे बहुतेक एजंट आज्ञा चालवण्याआधी परवानगी मागतात. दहाव्या परवानगीनंतर माणूस कंटाळतो आणि ‘नेहमी चालू दे’ हा पर्याय निवडतो. वाचणे, शोधणे आणि चाचण्या चालवणे यांसाठी तो निवडायला हरकत नाही. पण फाइल पुसणे, डेटाबेस बदलणे, नेटवरून काही उतरवून घेणे आणि काम सर्व्हरवर चढवणे यांसाठी दर वेळी थांबायला लावावे. एजंट वेबपान किंवा कुणीतरी पाठवलेली फाइल वाचत असताना त्या मजकुरात दडवलेली सूचना तो तुमचीच समजून पाळू शकतो, हा धोका कल्पनेतला नाही.

काम कुठे चालते हेही आधी पाहून ठेवावे. टर्मिनलमधला एजंट तुमच्याच लॅपटॉपवर चालत असल्याने लॅपटॉप झोपला की काम थांबते. जांबोटी-खानापूरकडच्या पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही एकदम जाण्याचा अनुभव ज्याला आहे त्याने लहान लहान टप्प्यांवर गिटमध्ये नोंद करण्याची सूचना एजंटला देऊनच ठेवावी. कोडेक्स किंवा ज्यूल्ससारखा दूरच्या संगणकावर चालणारा एजंट अशा वेळी बरा पडतो, कारण तो रेपॉझिटरीची, म्हणजे गिटमध्ये ठेवलेल्या सबंध प्रकल्पाची, वेगळी प्रत घेऊन तिकडेच काम करतो आणि तुमच्याकडची वीज आल्यावर बदल दाखवतो.

पायरी चौथी: परत आलेला माल तपासणे

वरच्या अर्ध्या रुपयाची दुरुस्ती मी मुद्दाम एजंटकडे दिली. सूचना अशी होती, की रक्कम रुपयांत आणताना अर्धा रुपया नेहमी वर न्यावा आणि सर्व चाचण्या पास व्हाव्यात. एजंटने केलेले काम दोन्ही अंगांनी शिकण्यासारखे आहे.

चांगले अंग आधी सांगतो. बिलाचा हिशोब ज्या फाइलीत होता तिथे त्याने ‘राउंड’ काढून ‘डेसिमल’ हा दशांश हिशोबाचा पायथनमधला प्रकार वापरला, आणि केवळ डेसिमल आणून भागत नाही, त्याचीही मुळातली सवय सम संख्येकडे जाण्याचीच आहे, हे ओळखून ‘हाफ अप’ ही रीत स्पष्टपणे लिहिली. त्यानंतर त्याने सगळ्या फाइली शोधल्या आणि पावती छापणाऱ्या फाइलीत तीच रक्कम पुन्हा एकदा वेगळी गोल केली जात असल्याचे दाखवले. ती फाइल मी महिनाभर उघडलेली नव्हती. एडिटरमधल्या सूचना सहसा उघड्या फाइलीभोवतीच घुटमळतात. एजंट सबंध घर झाडून काढतो, आणि त्याचा खरा उपयोग अशा कामात होतो.

आता दुसरे अंग. माझ्या चाचण्यांपैकी एकीत पशुखाद्याची कपात दुधाच्या रकमेपेक्षा जास्त झालेला सभासद होता. त्याचे बिल उणे १२.५० येत होते आणि चाचणीत उत्तर उणे १२ असे लिहिलेले होते. नव्या रीतीने ते उणे १३ येऊ लागले, कारण डेसिमलमधले ‘हाफ अप’ अर्ध्यावरची संख्या शून्यापासून दूर नेते. चाचणी नापास झाली. एजंटने काय केले, तर चाचणीतले अपेक्षित उत्तरच १२ चे १३ करून टाकले आणि शेवटी सर्व चाचण्या पास झाल्याचे कळवले. कळवले ते खोटे नव्हते. जॉबवर्कवाल्याने माल गेजमध्ये बसत नाही म्हणून गेजच घासून मोठा करावा, तशातला तो प्रकार होता.

पण घाईने एजंटला दोष देण्याआधी मी स्वतःलाच विचारले की उणे साडेबारा ‘वर’ न्यायचे म्हणजे कुठे न्यायचे. संख्यारेषेवर पाहिले तर वर म्हणजे उणे १२. रकमेच्या आकाराने पाहिले तर उणे १३. माझ्या सूचनेतला ‘वर’ हा शब्दच दुटप्पी होता. शेवटी सेक्रेटरींना फोन केला. त्यांनी एका वाक्यात सांगितले, की येणे बाकी असेल तर ती गोल करायचीच नाही, पैशांसकट पुढच्या बिलात ओढायची. म्हणजे माझी चाचणी चूक, एजंटचे उत्तर चूक, आणि बरोबर नियम सेक्रेटरींच्या वहीत. तो कोणत्याही फाइलीत लिहिलेला नव्हता, त्यामुळे साहाय्यकाला किंवा एजंटला तो सापडणे शक्यच नव्हते.

यातून तपासणीचा क्रम ठरला. एजंटने लिहिलेला सारांश शेवटी वाचावा. आधी गिटमधला फरक उघडून चाचण्यांच्या फाइली पाहाव्यात, आणि त्यांत अपेक्षित उत्तर बदललेले, चाचणी वगळलेली किंवा तिची अट सैल केलेली दिसली तर बाकीचे काम न वाचताच परत पाठवावे. त्यानंतर सांगितलेल्या फाइलींपलीकडे कुठे हात लागला आहे ते पाहावे. मग पैशांच्या ओळी. शेवटी प्रोग्राम स्वतः चालवून बनावट सभासदांपैकी दोघांची बिले कागदावर हाताने काढावीत आणि पडताळावीत. फरक इतका मोठा असेल की वाचता वाचता डोळे पाणावतात, तर दोष आपलाच. काम मोठे दिले गेले. ते तोडून पुन्हा द्यावे.

एजंटांची तुलना करताना एसडब्ल्यूई-बेंच या कसोटीचे गुण जाहिरातींत नेहमी दिसतात, म्हणून त्याविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही कसोटी २०२३ साली तयार झाली. तिच्यात पायथनच्या १२ खुल्या प्रकल्पांतल्या २,२९४ खऱ्या अडचणी आहेत, आणि उत्तर बरोबर की चूक हे त्या प्रकल्पांच्या स्वतःच्या चाचण्यांवरून ठरते. तिथे गेज आधीपासून तयार आहे. आपल्या दूध संस्थेच्या प्रोग्रामला तसे गेज कुणी करून ठेवलेले नसते, त्यामुळे कसोटीत जास्त गुण मिळवणारा एजंट आपल्या कामात तितकाच भरवशाचा ठरेल असे गृहीत धरता येत नाही.

पायरी पाचवी: तीन भाषांचा व्यवहार सांभाळणे

सूचना मराठीत दिल्या तरी दोन्ही प्रकारची साधने त्या चांगल्या समजतात, आणि संस्थेचा नियम जसा मराठीत सांगितला गेला तसाच देण्यात अर्थाची गळती कमी होते. देवनागरी मजकुराचे मॉडेलच्या आत इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे पडत असल्याने वापराची मर्यादा थोडी लवकर संपते, एवढाच काय तो तोटा. फाइलींची आणि फंक्शनांची नावे मात्र इंग्रजीतच ठेवावीत.

सीमाभागात एक गंमत वारंवार अनुभवाला येते. मजकूर मराठी दिसला की साधन आपल्याला महाराष्ट्रात बसवते. उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या बिलासाठी मी नमुन्याचे ग्राहक तयार करून मागितले, तेव्हा पाटील आणि देसाई नावांच्या सगळ्या ग्राहकांना, आणि विक्रेत्यालाही, राज्य म्हणून महाराष्ट्र लावलेले होते आणि जीएसटीचा राज्य संकेतांक २७ होता. आपला संकेतांक २९. हा फरक वरवरचा नाही. बेळगावहून हुबळीला गेलेल्या मालावर केंद्र आणि राज्य असा दोन भागांत कर लागतो, तर कोल्हापूरला गेलेल्या मालावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर, लागतो, आणि संकेतांक उलटा पडला की दोन्ही बिले चुकतात. जमिनीच्या उताऱ्याचेही असेच. मराठीतून विचारले की साधन सातबाऱ्याचे रकाने मांडते, इथे तर आरटीसी म्हणजे पहाणीपत्रक चालते. कायमच्या सूचनांच्या फाइलीत पहिली ओळ ‘हा व्यवसाय कर्नाटकात बेळगाव येथे आहे, राज्य संकेतांक २९’ अशी लिहून टाकावी.

नावांचा प्रश्न याहून अवघड आहे. एकाच सभासदाचे नाव संस्थेच्या वहीत मराठीत, सरकारी कागदावर कन्नडमध्ये आणि बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत असते. कन्नड आणि देवनागरी या लिपींना युनिकोडमध्ये वेगवेगळे विभाग आहेत, त्यामुळे साध्या तुलनेत ती नावे कधीच जुळत नाहीत. शिवाय मराठीतल्या मराठीतही खाचखळगे आहेत. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकदा नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, आणि एकदा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण केले तरी हे दोन एक होत नाहीत, त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. खिडकीपाशी कुऱ्हाडे उभे आहेत आणि ‘नाव सापडत नाही’ असे संगणक सांगतो आहे, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

नावांची सफाई हे काम म्हणूनच एजंटकडे मोकळे सोडू नये. ‘दुबार नावे एक कर’ असे सांगितल्यास तो पाटील आणि पाटिल यांना एकत्र आणील, जे बहुधा ठीक आहे. पण एकाच गल्लीतल्या, एकाच नावाच्या काका-पुतण्यांनाही एक करील, जे मुळीच ठीक नाही. त्याच्याकडून फक्त संशयित जोड्यांची यादी करून घ्यावी, आणि जोडी एक की दोन हे संस्थेच्या माणसाने ठरवावे.

पायरी सहावी: पैसा आणि घड्याळ

साहाय्यकाचा खर्च बहुधा ठरावीक मासिक वर्गणीचा असतो. कोपायलट २०२२ साली सर्वांसाठी खुला झाला तेव्हा वैयक्तिक वर्गणी महिन्याला १० डॉलर होती, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याची मर्यादित वापराची मोफत योजनाही आली. एजंटचा खर्च मात्र कामागणिक वाढतो, कारण तो एकाच कामासाठी फाइली पुन्हा पुन्हा वाचतो आणि चुकले की पुन्हा प्रयत्न करतो. ज्या योजनेत वापराप्रमाणे पैसे कापले जातात तिच्यात मासिक कमाल रक्कम आधी लावून मगच पहिले काम द्यावे. वर्गणी डॉलरमध्ये असल्यास बँकेच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावे लागतात. तेही तेवढ्याच मर्यादेपुरते करावेत.

वेळेच्या बाबतीत आपल्या अंदाजावर विसंबू नये. मेटर या संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १६ अनुभवी प्रोग्रामरांनी त्यांच्याच परिचयाच्या मोठ्या खुल्या प्रकल्पांतली २४६ कामे केली. काही कामांत त्यांना एआयची मुभा होती, काहींत नव्हती. मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्या प्रोग्रामरांना आपण सुमारे २० टक्क्यांनी वेगवान झालो असेच वाटत होते. ते लोक आपापल्या प्रकल्पातले मुरलेले होते आणि साधने २०२५ च्या सुरुवातीची होती, म्हणून तोच आकडा नवशिक्याला जसाच्या तसा लावू नये. पण वाटणे आणि घड्याळ यांत एवढी तफावत पडू शकते, हे मात्र प्रत्येकाने धरून चालावे.

मी त्यासाठी एक साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. काम सुरू केल्याची वेळ, सूचना लिहायला गेलेला वेळ, एजंटने घेतलेला वेळ, तपासायला गेलेला वेळ आणि परत पाठवावे लागले का, असे पाच रकाने. तपासायला गेलेला वेळ स्वतः लिहिण्याच्या वेळेहून जास्त झाला की ते काम पुढच्या खेपेला बाहेर जात नाही, एडिटरमध्ये शेजारी बसवून होते. दूध संस्थेच्या दरपत्रकातला बदल सध्या त्या यादीत आहे. पावतीचा नमुना बदलणे मात्र मी आता डोळे मिटून नाही, पण अर्ध्या चहात तपासून घेतो.